‘शॅल’ दिसला की थांबा: करार, नोटीस आणि कायद्यातले इंग्रजी मराठीत आणताना

घरभाड्याच्या करारात एक वाक्य हमखास सापडते: ‘द टेनन्ट शॅल पे द रेंट ऑन ऑर बिफोर द फिफ्थ डे ऑफ एव्हरी मन्थ.’ तीन माणसांना याचे मराठी करायला सांगा, तीन वेगवेगळी वाक्ये हाती येतील.

भाडेकरू दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भाडे देईल.
भाडेकरूने दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भाडे द्यावे.
भाडेकरूने दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भाडे देणे बंधनकारक राहील.

पहिले वाक्य अंदाजासारखे ऐकू येते, दुसरे सल्ल्यासारखे. मुळात जे आहे ते तिसऱ्यातच उतरले आहे. भांडण झाले की पहिल्या दोन वाक्यांचा आधार घेणारा माणूस अडचणीत येतो, कारण ‘देईल असे म्हटले होते, दिलेच पाहिजे असे कुठे म्हटले’ असा प्रश्न समोरून येतो आणि त्याला चटकन उत्तर सुचत नाही.

गोव्यात ‘शॅल’ (shall) या इंग्रजी शब्दाशी गाठ पडतेच. राज्याचे कायदे इंग्रजीत होतात. निविदा, परवाने, सनदा, विक्रीखते, सोसायटीच्या उपविधी, बँकेची कागदपत्रे बहुतेक इंग्रजीत असतात. वाचणारा माणूस मराठीत किंवा कोकणीत विचार करतो. मामलेदार कचेरीच्या बाकावर किंवा नोटरीच्या टेबलापाशी कोणीतरी तोंडी अर्थ सांगतो आणि त्यावर विश्वास ठेवून सही होते. तो अर्थ सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही उपयोगी पडेल अशी पद्धत इथे दिली आहे.

मूळ अर्थ: देणे लागणे

जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. कर्ज, ऋण, फेडायची बाकी. जर्मन भाषेत त्याच कुळातला ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणजे ‘आय शॅल’ म्हणणारा माणूस मुळात भविष्य सांगत नव्हता, ‘हे माझ्याकडून येणे आहे’ असे कबूल करत होता.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडेही नेमके हेच झाले आहे. ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’ यातला ‘लागतो’ आणि ‘मला उद्या म्हापशाला जावे लागते’ यातला ‘लागते’ हे एकच क्रियापद. एकात ऋण, दुसऱ्यात सक्ती. म्हणून बंधन सांगणाऱ्या ‘शॅल’चा सर्वांत जवळचा मराठी भाऊ ‘लागणे’ हा आहे, ‘-ईल’ नव्हे. भाषांतर करताना काहीच आठवले नाही तरी एवढे आठवावे.

पुढे इंग्रजीत हा शब्द घसरत गेला. देण्यापासून कर्तव्याकडे, कर्तव्यापासून निव्वळ भविष्याकडे. १६५३ साली जॉन वॉलिस या गणितज्ञाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात नियम घातला: साधे भविष्य सांगायचे तर प्रथम पुरुषी ‘शॅल’, इतरांना ‘विल’, निश्चय किंवा हुकूम सांगायचा तर उलट. आपल्याकडच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या हाच नियम घोकून घेतला. बोलण्यात तो कधीच काटेकोर पाळला गेला नाही आणि आता तर ‘विल’नेच सगळी जागा घेतली आहे. पण कायद्याच्या भाषेत मात्र जुना, देण्याचा अर्थ टिकला. शाळेत शिकलेला भविष्यकाळ मनात ठेवून करार वाचला की चूक होते ती इथेच.

‘शुड’ हे याच शब्दाचे जुने भूतकाळी रूप. ते आणखी घसरून सल्ल्यापाशी येऊन थांबले.

पहिले काम: कर्ता शोधा

कागदावरचा प्रत्येक ‘शॅल’ पेन्सिलीने अधोरेखित करा. मग एकेका वाक्यात विचारा: या ‘शॅल’च्या आधी कोण उभे आहे? माणूस, संस्था, अधिकारी. की एखादी वस्तू, कागद, मुदत, शब्द?

माणूस किंवा संस्था असेल तर बहुधा बंधन आहे. ‘द कॉन्ट्रॅक्टर शॅल रिमूव्ह द डेब्री’ म्हणजे ‘कंत्राटदाराने राडारोडा हलवणे बंधनकारक राहील’ किंवा ‘कंत्राटदाराला राडारोडा हलवावा लागेल’. पहिले कागदावर शोभते, दुसरे तोंडी समजावताना.

कर्त्याच्या जागी वस्तू असेल तर ‘शॅल’ काम कोणावर टाकत नाही, स्थिती ठरवून देतो. ‘धिस लायसन्स शॅल बी व्हॅलिड फॉर वन इयर’ याचे मराठी ‘हा परवाना एक वर्ष वैध राहील’. इथे ‘वैध राहणे बंधनकारक’ लिहिले तर हसू होईल. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स’ असे आहे. तो कोणाला दिलेला हुकूम नाही, ती घोषणा आहे. म्हणून मराठीत ‘असेल’ पुरते.

गोव्यापुरते एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. घटकराज्य झाले तेव्हा, १९८७ साली, संविधानात ३७१-आय हा अनुच्छेद आला. त्यात म्हटले आहे की गोव्याची विधानसभा ‘शॅल कन्सिस्ट ऑफ नॉट लेस दॅन थर्टी मेंबर्स’. कर्ता विधानसभा ही संस्था असली तरी क्रियापद ‘कन्सिस्ट ऑफ’ आहे, म्हणजे रचना ठरवणारा ‘शॅल’. पण पुढच्या तीन शब्दांनी आकडा पक्का न करता फक्त तळ आखला आहे. ‘तीस सदस्यांची असेल’ हे भाषांतर चूक. ‘तीसपेक्षा कमी नाहीत इतक्या सदस्यांची असेल’ हे बरोबर, आणि म्हणूनच आज चाळीस जागांची विधानसभा त्या वाक्यात बसते. ‘शॅल’ पाहिला की लगेच क्रियापदावर न थांबता वाक्य शेवटपर्यंत वाचायचे ते यासाठी.

‘शॅल मीन’ हे व्याख्येत येते. तिथे सरळ वर्तमानकाळ वापरा: ‘“परिसर” म्हणजे…’. भविष्यकाळाची गरजच नाही.

कर्ता लपलेला असेल तेव्हा

सर्वांत जास्त नुकसान या प्रकारात होते. म्हणून इथे जरा थांबू.

भाडेकरारातलेच दुसरे वाक्य घ्या: ‘द सिक्युरिटी डिपॉझिट शॅल बी रिफंडेड आफ्टर डिडक्शन ऑफ ड्यूज.’ ऐकायला बंधनकारक वाटते. पण परत कोणी करायचे ते सांगितलेले नाही. केव्हा, ते नाही. ‘ड्यूज’ कोणते, त्यांचा हिशेब कोण करणार, तोही नाही. ‘अनामत रक्कम देणी वजा करून परत केली जाईल’ असे मराठी केले की मूळ वाक्याचा पोकळपणा जसाच्या तसा उतरतो. भाषांतरकाराने आपल्या मनाने तो भरून काढायचा नाही. पण सही करणाऱ्याला तो दाखवायचा. आणि करार अजून कच्चा असेल तर वाक्य असे बदलून घ्यायचे:

भाडेकरूने चावी परत दिल्यापासून १५ दिवसांच्या आत घरमालकाने वीज, पाणी व दुरुस्तीच्या थकबाकीचा लेखी हिशेब भाडेकरूला देणे आणि उरलेली अनामत रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा करणे बंधनकारक राहील.

कोणी, काय, केव्हापासून मोजून किती दिवसांत, कोणत्या रूपात. चारही उत्तरे एका वाक्यात आहेत. ‘चावी परत दिल्यापासून’ हे शब्द महत्त्वाचे. ‘करार संपल्यापासून’ लिहिले तर घर आधी रिकामे केलेल्याला उगाच थांबावे लागते.

मराठी सरकारी लिखाणात ‘करण्यात यावे’, ‘करण्यात येईल’ ही रूपे इतकी रुळली आहेत की कर्ता गायब झाल्याचे लक्षातही येत नाही. ‘बी’ आणि त्यामागून क्रियापदाचे तिसरे रूप दिसले, उदाहरणार्थ ‘शॅल बी पेड’, ‘शॅल बी मेंटेन्ड’, ‘शॅल बी सबमिटेड’, की समासात प्रश्नचिन्ह घाला. कर्ता मागच्या-पुढच्या कलमात सापडला तर त्याचे नाव मराठी वाक्यात आणा. सापडला नाही तर प्रश्नचिन्ह तसेच ठेवा आणि विचारा.

‘-वे’चा घोटाळा

शाळेत शिकवलेल्या विध्यर्थाचे अर्थ आठवा: कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा. ‘मुलांनी आईवडिलांची आज्ञा पाळावी’ हे कर्तव्य; ‘पाऊस थांबावा’ ही इच्छा; ‘तो आता घरी पोहोचला असावा’ हा अंदाज. एका प्रत्ययावर एवढी ओझी असल्यामुळे ‘-वे’ बंधनाला कमी पडते. वरिष्ठ कार्यालयाने खालच्या कार्यालयाला ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’ लिहिले तर तो हुकूमच असतो, कारण मागे अधिकार उभा आहे. तेच ‘करावी’ दोन बरोबरीच्या पक्षांच्या करारात आले की त्याचा सल्ला होतो. शब्द एकच, बळ लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून येते. करारात कोणाचीच खुर्ची उंच नसते, म्हणून बळ वाक्यातच घालावे लागते: ‘बंधनकारक राहील’, ‘लागेल’, ‘-लेच पाहिजे’.

नकारात मात्र उलट आहे. ‘इथे चपला काढाव्यात’ ही विनंती, पण ‘इथे थुंकू नये’ ही मनाई. ‘नये’चा कणा अजून ताठ आहे. त्यामुळे साध्या ‘शॅल नॉट’साठी ‘नये’ बिनधास्त वापरा: ‘सभासदाने जिन्यात सामान ठेवू नये.’ आणखी जोर हवा असेल, किंवा अर्थ ‘तसे करण्याचा हक्कच नाही’ असा असेल, तर ‘ठेवता येणार नाही’.

नकाराचे दोन प्रकार, आणि ते उलटे

‘शॅल नॉट’च्या मागून काय येते ते पाहिल्याशिवाय ‘नये’ लिहू नका.

माहिती अधिकार कायदा, २००५ याचे कलम ६(२) म्हणते की माहिती मागणाऱ्या अर्जदाराला ‘शॅल नॉट बी रिक्वायर्ड’ कारण द्यायला. घाईत याचे मराठी ‘अर्जदाराने कारण देऊ नये’ असे होते. हे साफ चुकीचे आहे. कारण द्यायला बंदी नाही. कारण द्यायची सक्ती नाही. बरोबर वाक्य: ‘अर्जदारास माहिती मागण्याचे कारण देणे आवश्यक असणार नाही.’ पंचायतीत अर्ज घेताना ‘कशाला पाहिजे’ असे विचारले गेले तर याच वाक्यावर बोट ठेवता येते.

‘शॅल नॉट बी रिक्वायर्ड’, ‘शॅल नॉट बी बाउंड’, ‘शॅल नॉट बी ऑब्लाइज्ड’ ही तिन्ही सूट देणारी रूपे आहेत. ‘शॅल नॉट बी लायेबल’ म्हणजे जबाबदारीतून सुटका. निविदांमध्ये खात्याच्या बाजूने हे भरपूर असते आणि मराठी सांगताना पुटपुटून सोडले जाते. तिथे आवाज मोठा करा, कारण ठेकेदाराचे पैसे तिथेच अडकतात.

‘नो पर्सन शॅल’ ही रचना मराठीत तशीच आणता येत नाही. ‘नो पर्सन शॅल इरेक्ट एनी बिल्डिंग विदाउट परमिशन’ म्हणजे ‘परवानगीशिवाय कोणीही इमारत उभारू नये’. नकार कर्त्याकडून क्रियापदाकडे सरकवायचा, एवढेच. यंत्राने केलेल्या भाषांतरात इथे नकार दोनदा लागलेला किंवा पार गळालेला आढळू शकतो. म्हणून यंत्राचा मजकूर तपासायला बसाल तेव्हा आधी सगळे नकार मोजा, मुळात किती आणि भाषांतरात किती.

‘डीम्ड’, ‘एन्टायटल्ड’, ‘एन्डेव्हर’

‘शॅल बी डीम्ड’ म्हणजे प्रत्यक्षात तसे नसले तरी कायदा तसे धरून चालेल. मराठीत ‘मानले जाईल’ किंवा ‘समजण्यात येईल’. याचा फायदा सामान्य माणसाला कसा होतो ते माहिती अधिकाराच्या कलम ७ मध्ये दिसते. ७(१) प्रमाणे माहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत माहिती द्यायची किंवा कारण सांगून नाकारायची. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. तिथला ‘शॅल’ बंधनाचा. आणि अधिकारी नुसताच गप्प बसला तर? ७(२) सांगते की त्याने अर्ज नाकारला असे ‘शॅल बी डीम्ड’. म्हणजे नकाराच्या पत्राची वाट पाहत बसायची गरज नाही. मुदत संपली की नकार मिळाला असे धरून कलम १९(१) खाली ३० दिवसांत पहिले अपील करता येते. हा ‘डीम्ड’ कळला नाही म्हणून अपिलाची मुदत हातची जाते.

‘शॅल बी एन्टायटल्ड टू’ आणि ‘शॅल हॅव द राइट टू’ यांत ‘शॅल’ असूनही बंधन नाही, हक्क आहे. ‘हक्क राहील’ किंवा ‘-ता येईल’. पण हक्क एकाचा असला की देणे दुसऱ्याकडे लागते. तो दुसरा कोण हे पाहून ठेवा.

‘शॅल बी पनिशेबल’ म्हणजे ‘शिक्षेस पात्र राहील’.

‘शॅल एन्डेव्हर टू’ मध्ये बंधन आहे ते फक्त प्रयत्नाचे. बिल्डरच्या करारात ‘शॅल एन्डेव्हर टू हँड ओव्हर पझेशन बाय डिसेंबर’ असेल तर ‘डिसेंबरपर्यंत ताबा देणे बंधनकारक’ असे कोणी सांगितले की ती फसगत झाली. ‘डिसेंबरपर्यंत ताबा देण्याचा प्रयत्न करील’ एवढेच तिथे आहे. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज पॉसिबल’ हे शब्दही तसेच हवा काढून घेणारे.

वाक्याच्या सुरुवातीला ‘शुड’ आला, ‘शुड यू फेल टू पे’ असा, तर तो सल्ला नाही. तो ‘जर’ आहे. ‘आपण रक्कम भरली नाही तर’. बँकेच्या नोटिशीत हे वाक्य ‘तुम्ही भरू नये’ असे समजले जाण्यापर्यंत चूक होऊ शकते.

कोकणीची कसोटी

गोव्यातल्या मराठी वाचकाजवळ एक साधन आहे जे पुण्या-मुंबईच्या वाचकाजवळ नाही. वाक्य मनात कोकणीत बोलून पाहा. ‘करूंक जाय’, ‘दिवंक जाय’ सहज बसले तर ‘शॅल’ बंधनाचा आहे. ‘आसतलें’, ‘जातलें’ बसले तर घोषणा किंवा स्थिती. ‘टेनन्ट शॅल पे’ म्हणताना तोंडातून ‘दिवंक जाय’ येते, ‘दितलो’ येत नाही. ‘लायसन्स शॅल बी व्हॅलिड’ला ‘आसतलें’च येते. कोकणीतल्या ‘जाय’ने बंधनाचा अर्थ घट्ट धरून ठेवला आहे, मराठी ‘-वे’सारखा तो पातळ होऊ दिलेला नाही. कसोटी झाली की मग मराठी क्रियापद निवडा. पंचायतीच्या सभेत तोंडी समजावताना तर हाच मार्ग सर्वांत जलद.

‘शॅल’ असूनही न्यायालय सैल सोडते तेव्हा

एवढे करूनही एक गोष्ट उरते. कायद्यात ‘शॅल’ आहे म्हणून तो मोडला की सगळे रद्द होते असे नाही. न्यायालये दोन प्रकार करतात: अनिवार्य आणि निदेशात्मक. संविधानाच्या अनुच्छेद ३२०(३) मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल बी कन्सल्टेड’ अशा शब्दांत सांगितला आहे. तरी १९५७ साली उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद निदेशात्मक ठरवली, म्हणजे सल्ला घेतला नाही एवढ्यामुळे शिस्तभंगाची कारवाई रद्द होत नाही. उलट २०२० साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ग्राहक तक्रारीत विरुद्ध पक्षाला उत्तर देण्याची मुदत, ३० दिवस आणि वाढवून आणखी १५, ही अनिवार्य ठरवली. ४६ व्या दिवशी उत्तर दाखल करून घेता येत नाही.

दोन्हीकडे बंधनाचीच भाषा, निकाल वेगळे. वाचताना ढोबळ अंदाज असा बांधता येतो: न पाळल्यास काय होईल ते त्याच कायद्यात सांगितले आहे का? सांगितले असेल तर तो ‘शॅल’ कडक असण्याची शक्यता जास्त. माहिती अधिकाराच्या कलम २० मध्ये विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे. तिथल्या मुदतीला दात आहेत. परिणाम कुठेच सांगितलेला नसेल आणि कर्तव्य सरकारी अधिकाऱ्याचे असेल तर न्यायालय सैल धरू शकते, कारण अधिकाऱ्याच्या चुकीची शिक्षा तिसऱ्याच नागरिकाला होऊ नये असा विचार त्यामागे असतो. हा अंदाज आहे, निकाल नव्हे. पैसा किंवा जमीन पणाला असेल तर वकिलाकडे जावे लागेल. भाषांतरात मात्र हा फरक आपण करायचा नाही. मुळात ‘शॅल’ आहे तर मराठीत बंधनच लिहायचे. सैल की घट्ट ते ठरवणे न्यायाधीशाचे काम.

‘शॅल’च्या शेजारचे शब्दही त्याचे वजन बदलतात. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीचाही वापर शासकीय कामासाठी करण्याची तरतूद केली. त्या तरतुदीत ‘ऑल ऑर एनी’ हे शब्द आहेत. ‘सर्व किंवा कोणत्याही’. ‘सर्व’ म्हटले असते तर बंधन पूर्ण झाले असते. ‘किंवा कोणत्याही’ने सरकारला निवड मोकळी ठेवली. मराठीवर प्रेम असणाऱ्याने हे तीन शब्द नीट वाचून मगच निवेदन लिहावे, म्हणजे मागणी नेमकी होते.

निविदा आणि तांत्रिक कागद

इथे काम सोपे आहे. आंतरराष्ट्रीय मानकांच्या नियमांत ‘शॅल’ म्हणजे आवश्यक अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा, ‘कॅन’ म्हणजे शक्यता, असे अर्थ बांधून दिलेले आहेत. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांसाठी १९९७ सालच्या आरएफसी २११९ मध्ये ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ एकाच अर्थाचे ठरवले आहेत. म्हणून काँक्रीट, वीजजोडणी, अग्निशमन यांच्या तपशिलात ‘शॅल’ला ‘आवश्यक’, ‘शुड’ला ‘शिफारस आहे’, ‘मे’ला ‘मुभा आहे’ असे शब्द ठरवून घ्या आणि पूर्ण दस्तऐवजात ते बदलू नका. सौंदर्यासाठी एकदा ‘आवश्यक’ आणि एकदा ‘गरजेचे’ लिहिले की ठेकेदार विचारतो, फरक काय?

स्वतः लिहायचे असेल तर

सोसायटीची नोटीस, देवस्थान समितीचा नियम किंवा दुकानाचा करार इंग्रजीत लिहायची वेळ आली तर बंधनासाठी ‘मस्ट’ वापरा. ही आपली सोय नाही, जगभर चाललेली दुरुस्ती आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम संविधानात ‘शॅल’ होता. १९९६ च्या अंतिम संविधानात त्याच्या जागी ‘मस्ट’ आला. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ मध्ये नव्याने लिहिले गेले तेव्हा संदिग्ध म्हणून ‘शॅल’ काढून टाकला. बंधनाला ‘मस्ट’, मनाईला ‘मस्ट नॉट’, मुभेला ‘मे’, पुढे घडणाऱ्या गोष्टीला ‘विल’, व्याख्येला ‘मीन्स’. ‘मे नॉट’ टाळा. ते ‘करू नये’ की ‘कदाचित करणार नाही’ ते कळत नाही.

पत्रात ‘आय शॅल बी ग्रेटफुल’ लिहायला हरकत नाही, तो जुना शिष्टाचार आहे. ‘शॅल आय सेंड द फाइल?’ म्हणजे ‘फाइल पाठवू का?’, ‘शॅल वी स्टार्ट?’ म्हणजे ‘सुरू करूया?’, बोलण्यात ‘शॅल’ आता मुख्यतः या प्रश्नांतच जिवंत आहे आणि तिथे तो परवानगी मागतो, बंधन घालत नाही.

करार दोन भाषांत करत असाल तर शेवटच्या कलमात कोणती प्रत चालेल ते लिहून ठेवा. राज्याच्या कायद्यांच्या बाबतीत अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी पाठ अधिकृत असतो, पण दोन खासगी पक्षांना आपसांत ठरवता येते. ते वाक्य लिहिताना ‘मराठी प्रत ग्राह्य धरावी’ असे लिहू नका. ‘दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास मराठी प्रत ग्राह्य धरली जाईल आणि ती दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहील’ असे लिहा.